न फुंकलेली मेणबत्ती

आत्ती, मेणबत्तीनं माणूस मरतं व्हय गं?

मी हे भेटेल त्याला विचारत सुटले आहे. रिक्षावाल्याला विचारलं. सरकारी दवाखान्याबाहेर चहा विकणाऱ्या बाईला विचारलं. जो तो माझ्या तोंडाकडं बघतो. माणसं ट्रकखाली मरतात, पुरात मरतात, खाट मिळाली नाही म्हणून मरतात. त्या मरणांवर मला एका बैठकीत दोन पानी पत्रक लिहिता येतं, तेच माझं काम आहे. आणि माझी सख्खी आत्या, धडधाकट, जिभेला कात्रीसारखी धार असलेली बाई, दुकानात पुड्यातून मिळणाऱ्या एका पांढऱ्या मेणबत्तीनं जाते, तर मला एक ओळ सुचत नाही. कुणाच्या नावानं ओरडू?

म्हणून तुलाच लिहिते आहे. तू उत्तर देणार नाहीस हे डोक्याला कळलंय, हाताला कळलेलं नाही. काल तुला फोन लावला. उचलला नाहीस तर चिडले तुझ्यावर.

घडलं ते असं. स्पष्ट लिहून ठेवते, कारण बाहेर वेगळंच सांगणं सुरू झालंय. पौर्णिमा होती. तू उपोसथाचा उपवास धरलेला, पांढरी साडी नेसलेली. सकाळी लाईट नव्हती. तू वंदना म्हटलीस, शोकेसवरच्या बुद्धाच्या मूर्तीपुढं तुझी ती नेहमीची जाड मेणबत्ती लावलीस. मग शिलाई मशीनवर बसलीस, कुणाच्या तरी ब्लाऊजचं काम उरलं होतं. दुपारी उपाशीपोटी डोळा लागला म्हणून खाली चटईवर आडवी झालीस. मेणबत्ती चालूच. तुझ्या झोपेत लाईट आली. फॅनचं बटण सकाळपासून चालूच होतं. लाईट गेल्यावर फॅनचं बटण कोण बंद करतं? फॅन फिरायला लागला, शोकेसशेजारच्या खिडकीचा जाळीचा पडदा उडाला आणि ज्योतीवर गेला. पेटता पडदा खाली पडला तो गिऱ्हाइकांच्या अस्तराच्या गठ्ठ्यावर.

अग्निशमनच्या माणसानं नंतर हे सगळं बोट दाखवून सांगितलं. बोर्ड शाबूत, वायर शाबूत, आणि शोकेसच्या फळीवर मेणाचा थिजलेला थर. शेजारच्या रेखावहिनींना झरोक्यातून धूर दिसला. त्यांनी आणि गल्लीतल्या पोरांनी दार फोडलं. आग बादल्यांनीच विझली, एवढीशी होती. तुझ्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. अस्तराच्या धुरानं गेलीस. खोली लहान, खिडकी ऊन येऊ नये म्हणून लावून घेतलेली.

एवढंच. ह्याच्या मागं कोणी दोषी नाही, कुठला ठेकेदार नाही, की कुणाचा टेबलाखालचा हात नाही. मी शोधून बघितलं, आत्ती. खरंच शोधलं.

संघटनेत मला विचारतात, पत्रकं लिहायला कुठं शिकलीस? मी म्हणते, राजारामपुरीत, पिको-फॉलच्या मशीनशेजारी. लोकांना चेष्टा वाटते. कॉलेजात असताना पहिलं पत्रक लिहून मी मोठ्या ऐटीत तुझ्याकडं आणलं होतं. तू चष्मा लावलास, शिंप्याचा निळा खडू घेतलास आणि कापड बेतावं तसं ते बेतायला बसलीस.

"हे काय लिवलंयस? तीव्र निषेध?"

"मग?"

"साधा निषेध कसा असतोय गं?"

तू 'तीव्र'वर खडूची रेघ मारलीस.

"आणि हे वाक्य बघ. सुरू झालं तवा मी मशीनवर हुतो, संपलं तवा चहा झाला. लोक उभ्यानं वाचत्यात पोरी. एका हातात पिशवी असती. पहिल्या ओळीत कळलं न्हाय की गेला कागद भज्यांना."

तू कोल्हापूरच्या बायकांसारखी स्वतःला 'मी हुतो, मी जातो, मी बघतो' म्हणायचीस. बाहेरगावच्या माझ्या मैत्रिणी तोंडावर हात धरून हसायच्या, आणि तू त्यांना आणखी दोनदा तसंच बोलून दाखवायचीस. चौथी नापास बाई माझा प्रत्येक मसुदा वाचायची आणि मला त्यात कधी काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं. आभार मानायला हवे होते. पण आपल्या घरात आभार कोण मानतं? तू खडूनं खोडायचीस, मी भांडायचे, मग तू म्हणायचीस, "बस, भाकरी टाकतो." हेच आपलं आभारप्रदर्शन.

भांडणं मात्र आपण वर्षानुवर्षं नीट सांभाळली. त्यातलं सगळ्यात जुनं हे मेणबत्तीचं.

"आत्ती, वंदना झाली. विझव की आता."

"वंदनेची मेणबत्ती फुंकायची न्हाय. तिची ती शांत हुती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"हे कर्मकांड झालं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तो हे सगळं सोडायलाच ना?"

"कर्मकांड न्हाय, मान हाय. तोंडाची उष्टी वाफ कशाला मारायची?"

"मग सिद्धूच्या पोरीच्या केकवरची फुंकलेली चालती?"

"केक आपण खातोय. मूर्ती खाती व्हय?"

सिद्धू म्हणजे तुझा मुलगा, माझा आतेभाऊ, हसून हसून खाली बसला होता. मी हरले होते. मी तुझ्यापुढं नेहमीच हरायचे, पण लेखी कधी दिलं नाही. पुढच्या पौर्णिमेला मी तुला सेलवरची मेणबत्ती आणून दिली, बटण दाबलं की लुकलुकणारी. तू ती उलटीपालटी करून बघितलीस. म्हणालीस, "झ्याक हाय. आता सेलवरचा बुद्ध बी आण, म्हणजे मला डोळं मिटून बसायला नको. त्योच बसंल." आणि ती मेणबत्ती सिद्धूच्या पोरीला खेळायला दिलीस.

हे भांडण मी रोज डोक्यात वाजवते आहे आणि दरवेळी एकच गोष्ट अंगावर येते. आपल्या त्या भांडणात आग कुठंच नव्हती. आपण भांडत होतो मानावरून आणि कर्मकांडावरून. तू श्रद्धेची बाजू धरलीस, मी विवेकाची. दोघींच्या मध्ये एक खरीखुरी, हात भाजणारी ज्योत जळत होती आणि तिच्याकडं ज्योत म्हणून दोघीही बघत नव्हतो. किती शहाण्या आपण!

आणि तुला आगीतलं कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. गेल्या साली बिंदू चौकात आम्ही मेणबत्ती मोर्चा काढला. ज्या मुलीसाठी काढला तिचं नाव इथं लिहीत नाही. तू आलीस. घोषणा दोनच दिल्यास. बाकी सगळा वेळ तू रांगेच्या कडेनं चालत पोरींच्या ओढण्या खोचत होतीस.

"ए बाळ, ते नायलॉन हाय. पेटत न्हाय ते, वितळतंय आणि कातड्याला चिकटतंय. खोच कमरेला."

"काकू, घोषणा द्या की!"

"घोषणा तू दे. केसं मी बघतो. म्होरच्या पोरीची वेणी हाय तुझ्या ज्योतीत, घोषणेत न्हाय."

कागदी कप लावलेल्या मेणबत्त्या बघून तू माझ्यावर खेकसलीस. मेण खाली टपकू नये म्हणून लावलेला कप स्वतःच पेटतो, एवढी साधी गोष्ट मोर्चा काढणाऱ्यांना कळत नाही म्हणालीस. आणि खरंच शेवटी एक कप पेटला. तू तो चपलेखाली विझवलास. आत्ती, रस्त्यावर तू शे-दीडशे पोरींच्या ओढण्या सांभाळल्यास. घरी स्वतःचा पडदा बांधला नाहीस. कारण रस्त्यावरची मेणबत्ती म्हणजे मेणबत्ती. घरातली वंदनेची. तिच्यापासून धोका असतो हा विचारच तुझ्या मनात येणं शक्य नव्हतं. ती आपली होती.

मला राग येतो. तुझाही येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मग कुणावर रागवू? फॅनवर?

आता बाहेर काय चाललंय ते सांगते. तू गेलीस त्याच संध्याकाळी विहाराच्या मंडळाचे आनंदाकाका आले. डोळे सुजलेले, तुझ्यावर जीव होता त्यांचा, खोटं बोलत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, कुणी विचारलं तर शॉर्ट सर्किट म्हणायचं."

"का? वायर तर शाबूत हाय."

"मूर्तीपुढची मेणबत्ती म्हणलं की चार लोकं हसत्यात. पाठीमागं काय काय बोलत्यात तुला ठाव न्हाय व्हय? सुमनताईचं नाव असं तोंडातोंडी जाऊ द्यायचं?"

आणि आत्ती, कबूल करते, क्षणभर मला हायसं वाटलं. शॉर्ट सर्किट! म्हणजे वीज, म्हणजे जुन्या वायरी, म्हणजे निवेदन, मोर्चा, ठिय्या. माझ्या हातात एकदम काम आलं. पत्रकाचं शीर्षकसुद्धा डोक्यात तयार झालं. मग त्या फळीवरचा मेणाचा थर आठवला. कुणाच्याही नावानं बोंब मारायची तर ती खरी असावी लागते, हे तूच खडूनं शिकवलंस. नळाच्या पाण्याच्या पत्रकात मी वाढवून लिहिलं होतं तेव्हा तू तो अख्खा परिच्छेद खोडलास. "एक ओळ खोटी घावली की बाकीच्या खऱ्या बी मेल्या," म्हणालीस.

म्हणून मी बसून दुसरंच पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्रक ज्यात निषेध नाही. कुणाचाच.

त्यात लिहिलं: लाईट गेली असेल तर आधी फॅनचं बटण बंद करा, मग काडी ओढा. मेणबत्ती स्टीलच्या खोल ताटलीत, बूड चिकटवून लावा. शोकेसच्या फळीवर, फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालावर नको. पडदा, प्लास्टिकचा हार, कागदी फुलं, शिवणाची कापडं हात लांब करून पोचतील इतक्या जवळ असू नयेत. काचेच्या पेल्यात लावली तर तळाशी जाईपर्यंत जळू देऊ नका, काच तडकते. ताटलीतल्या मेणानंच पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडकतं. वरून झाकण घाला. आणि खोलीतून उठताना, झोपताना विझवा. विझवा. विझवा.

शेवटचं तीनदा लिहिलं. तू असतीस तर दोन खोडले असतेस. आणि फुंकायचं तुला पटलं नसतं, म्हणून खाली जोडलं: फुंकायची नसेल तर वाटी पालथी घाला. तेही नको असेल तर ती संपेपर्यंत तिच्यापाशी बसा. मान द्यायचा तर पुरता द्या.

ही ओळ तुला आवडली असती. वंदनेच्या मेणबत्तीकडं पाठ करून झोपणं हा कसला मान? इतक्या वर्षांच्या भांडणात हा मुद्दा मला एकदाही सुचला नाही. आता सुचतोय, आणि पलीकडं कोणी नाही.

सिद्धू शिरोळहून आल्यापासून बोललाच नव्हता. त्याला कागद दाखवला. त्यानं वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला.

"आई अडाणी हुती, असं लिहिणार हायस तू?"

"कुठं लिहिलंय तसं?"

"वाचणारा तेच वाचणार की. पोराला एक पडदा बांधून देता आला न्हाय, हे बी वाचणार. मी महिन्याला येत हुतो इथं. त्याच पडद्याखाली झोपत हुतो."

"सिद्धू, तुझ्यासाठी न्हाय लिहिलं. ज्यांच्या घरी अजून—"

"प्रज्ञा, माझी आई गेलीय. तुला पत्रक सुचतंय."

मला दुसरं काही सुचतच नाही हे खरं आहे. काही जणांना रडू येतं, मला मसुदा येतो. तो पुढं एवढंच म्हणाला, "पुण्यानुमोदनाच्या दिवशी तरी वाटू नको. लोकं शॉर्ट सर्किट म्हणत्यात, म्हणू दे." मी छापलेले कागद पिशवीत भरले आणि पिशवी खांद्याला लावून तशीच कार्यक्रमाला गेले. मुलगा तो आहे. तुझ्यावर पहिला हक्क त्याचा.

विहाराच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत. तुझा फोटो टेबलावर. तो लग्नातला, ज्यात तू फोटोग्राफरवर डोळे वटारलेयस. त्रिसरण, पंचशील झालं. आनंदाकाका उठले, तुझ्याविषयी चांगलं बोलले, आणि शेवटी बोललेच: "विजेच्या एका ठिणगीनं आपल्या सुमनताईला आपल्यातून नेलं." मी सिद्धूकडं बघितलं. तो चटईकडं बघत होता. खांद्यावरच्या पिशवीचा बंद मी घट्ट धरून ठेवला. पाच-पन्नास घरं बसली होती तिथं, आत्ती. प्रत्येक घरात मूर्ती आहे, मूर्तीपुढं मेणबत्ती आहे, वर फॅन आहे. मला सगळ्यांच्या खिडक्या दिसायला लागल्या. पडदे दिसायला लागले. आणि मी बोलले नाही.

जेवणं उरकली, माणसं पांगली. मी आणि सिद्धू चटया गोळा करत होतो तेवढ्यात दारात मालूमावशी उभ्या. हुपरीच्या, तुझ्या लहानपणीच्या मैत्रीण. त्यांच्या घरी चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम चालतं. एसटी चुकली म्हणून उशीर झाला. आल्या त्या सरळ तुझ्या फोटोपुढं गेल्या, हात जोडले, मग तुला शिव्या दिल्या. "माझ्या आधी गेलीस व्हय गं भवाने! लई घाई तुला, कायम पुढच्या रांगेत!" सिद्धू इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

मी त्यांना पाणी दिलं. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "शॉर्ट सर्किट झालं म्हणं? माझ्या घरात बी वायरी जुन्याच हायत. भ्या वाटतंय." त्याच पुढं म्हणाल्या, "सुमनचं कळलं तसं मी रोज मूर्तीपाशी तिच्या नावानं मेणबत्ती लावतोय. जाडजूड आणलीया, दिवसभर पुरती. आज बी लावूनच निघालो. म्हणलं, मी पोचस्तोवर तिला उजेड असू दे."

मी सिद्धूकडं बघितलं. सिद्धूनं हातातली चटई खाली ठेवली.

"मावशी, घरात मागं कोण हाय?"

"सून हाय की. म्होरच्या खोलीत कामात हाय, गिऱ्हाईकाचा माल द्यायचाय. का रं?"

"आणि मेणबत्ती?"

"आतल्या खोलीत. मूर्ती तिथंच हाय."

"पडदा हाय तिथं?"

"हाय की. का इचारतोयस?"

मी तोंड उघडणार होते. त्यानं माझ्याकडं न बघताच हात वर केला.

"मावशी," तो म्हणाला, "शॉर्ट सर्किट न्हाय झालं. आई मेणबत्ती चालू ठेवून झोपली. लाईट आली, फॅन फिरला, पडदा उडाला. मेणबत्तीनं गेली आई. फोन लावा घरला."

मालूमावशींनी पिशवीतून फोन काढला. सिद्धूनं त्यांच्या हातातून घेऊन तो लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून घुंगरांचा खळखळाट, मग सुनेचा आवाज. मावशी ओरडल्या, "अगं, आत जा, मेणबत्ती बघ!"

"का ओ आत्या? काय झालं?"

"जा म्हणतो न्हवं!"

पावलांचा आवाज. दार. मग ती म्हणाली, "जळतीया की. अजून अर्धी हाय. काय करू?"

मालूमावशी आमच्याकडं बघायला लागल्या. वंदनेची मेणबत्ती. शब्द त्यांच्या ओठावर येईना. तुझ्याही आला नसता.

सिद्धू फोनवर वाकला. तुझा मुलगा, आत्ती. तुझ्याच आवाजात, तसाच खेकसून म्हणाला, "फुंका वहिनी. काय हुत न्हाय. फुंका."

पहिल्या फुंकरीला विझली नसावी. दुसरी आम्हाला तिघांनाही ऐकू आली.